झुंबरभाऊंची गच्ची

"पालकात शिसं आहे, काका. खूप. मी दोनदा तपासून घेतलं." मृणाल मॅडमनी कागद झुंबरभाऊंपुढे धरला. मॅडम जवळच्या शाळेत शिकवायच्या. डोकमर्डीच्या कामगार वस्तीतल्या या चाळीच्या गच्चीवरची भाजी पाहून त्यांना शाळेच्या गच्चीवरही असाच मळा करायचा होता, म्हणून त्यांनी पालक तपासायला पाठवला होता.

"धुऊन खाल्ला तर?"

"मुळातून वर चढतं ते. हे ड्रम कुठले?"

झुंबरभाऊंनी ड्रमांकडे पाहिलं. बाजारातली नाल्याच्या पाण्यावरची भाजी नको, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी रंगाच्या कारखान्याचे आठ ड्रम भंगारातून आणले होते. कापून, सोड्यानं घासघासून धुतले होते. सूत कारखान्यातली पाळी संपली की ते जेवायच्या आधी गच्ची गाठायचे. पारोळ्याची वांगी, गिलक्याचा वेल, पालक. चाळीतल्या अकरा घरांत भाजी जायची, तीही फुकट.

"लहान मुलांना जास्त बाधतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "मेंदूला."

त्या गेल्यावर अलकाबाई वर आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "काय व्हयनं हो?"

त्यांनी सांगितलं. अलकाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "उपटी टाका. कीड लागनी म्हणा. कोनले सांगू नका."

"ममताले सांगनं पडी."

खालच्या खोलीतली ममता सुरगाण्याकडची. तिच्या शेगडीवर डाळ-पालक शिजत होता. तीन वर्षांची चंदा उंबऱ्यात झाकणं मांडून बसली होती. दात यायच्या आधीपासून ती झुंबरभाऊंच्या पालकाचं पाणी प्यायलेली. अजून एक शब्द बोलत नव्हती. काही मुलं उशिरा बोलतात, असं डॉक्टर म्हणाले होते.

झुंबरभाऊंनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. ममतानं गॅस बंद केला.

"काका, म्हणून बोलत नाही का ही?"

"माहीत नाही, पोरी. मॅडम म्हणतात, रक्त तपासू. मी येतो संगं."

"आणि निघालं तर? काढता येतं का ते?"

मॅडमना हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. ममतानं चंदाला कडेवर घेतलं आणि दार लोटून घेतलं. झुंबरभाऊ पुढच्या दाराकडे वळले. अजून दहा घरं होती.

सकाळी त्यांनी सगळं उपटलं आणि कोपऱ्यावर नेऊन टाकलं. लगेच एक गाय आली. त्यांनी हाकलली, तर ती दुसऱ्या बाजूनं तोंड घालू लागली. कचऱ्याची गाडी दुपारी यायची. पाळीवर न जाता ते ढिगापाशी विटेवर बसले.

कारखान्याकडे निघालेली एक बाई थांबली. वाकून तिनं एक काळंभोर, तुकतुकीत वांगं उचललं.

"कितना ताजा है, चाचा. कैसे दिया?"

झुंबरभाऊंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"बेचने का नहीं है," ते म्हणाले, आणि पायानं ढीग जवळ ओढला.