मालगाडीचं उट्टं

वाचनाच्या तासाला सर खिशातून स्टॉपवॉच काढत. एका मिनिटात जितके शब्द वाचून होतील, तितका आकडा फळ्यावर. बाकीच्यांचे साठ, सत्तर. आठ वर्षांच्या त्या मुलीचे कधी अकरा, कधी चौदा. ती उभी राहिली की सर म्हणत, "चला, आपली मालगाडी सुटली!" वर्ग खो खो हसे. महिनाभरात मधल्या सुट्टीतही तिला कुणी नावाने हाक मारेना.

हे आईला कळलं ते लेकीने शाळेत जायचंच नाही म्हणून अंथरूण धरलं तेव्हा.

आई शिवणसामानाच्या दुकानात दोऱ्याची रिळं विकायची. लेकीला घेऊन ती वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी मुलीसमोर रंगीत चौकोनांचा तक्ता ठेवला आणि भराभर रंग सांगायला लावले. मुलीने एकही चुकवला नाही, पण वेळ दुप्पट लागला.

"रंग तिला चांगले माहीत आहेत," बाई म्हणाल्या. "फक्त नाव ओठांवर यायला उशीर होतो. अक्षरांचंही तेच. ही आळशी नाही की मंद नाही. शिकवायची पद्धत बदला आणि वेळ द्या."

बाईंनी हे लिहून दिलेला कागद घेऊन आई सरांकडे गेली. सरांनी उभ्या उभ्याच नजर फिरवली. "ताई, हल्ली आळसालाही सर्टिफिकेट मिळतं," ते हसत म्हणाले. ते हसणं आईच्या जिव्हारी लागलं. तिने डूख धरला.

पुढचे आठ दिवस ती दुकानात गिऱ्हाईक नसलं की लेबलं चिकटवत बसायची. लाल रिळावर 'निळा', हिरव्यावर 'पिवळा', काळ्यावर 'लाल'. अशी पन्नास रिळं. मालकांवर प्रयोग करून पाहिला, तर सातव्या रिळालाच त्यांची गाडी घसरली. आईला मनातून गुदगुल्या झाल्या.

पालकसभा भरली. मुख्याध्यापिका समोर, पालक मुलांसह बाकांवर. आईने रिळांचा ट्रे टेबलावर ठेवला.

"सर, एक छोटा खेळ. लेबल नाही, दोऱ्याचा रंग सांगायचा. भराभर."

"त्यात काय!" सर पुढे झाले. आईने त्यांचंच स्टॉपवॉच मागून घेतलं.

"निळा... नाही, लाल. पिव... हिरवा. लाल... थांबा..."

"दहा सेकंद!" आई ओरडली. "पुढचं, पुढचं! झोपलात का?"

हे सरांचंच वर्गातलं वाक्य. मुलांनी ते ओळखलं आणि मागच्या बाकावर खसखस पिकली. सरांना घाम फुटला. ते जितकी घाई करत, तितकी जीभ अडखळे.

"वीस सेकंद! चला, मालगाडी सुटली!"

आता पालकही हसत होते, आईही. पंधराव्या रिळाला सरांनी ट्रे ढकलला. "ही फसवणूक आहे! लेबलं मुद्दाम चुकीची लावलीत."

"हो, मुद्दामच. तुम्हाला अर्धं मिनिटही सोसवलं नाही. माझी पोर महिनाभर सोसतेय."

मुख्याध्यापिकांनी हात पुढे करून स्टॉपवॉच मागितलं, आपल्या पर्समध्ये टाकलं आणि तपासणीचा कागद वाचायला घेतला.

घरी जाताना लेक म्हणाली, "आई, सरांचे कान लाल झाले होते."

"होऊ देत."

"माझेही होतात. तू हसलीस ना, ते मला आवडलं नाही."

आईने तिचा हात घट्ट धरला. पण पश्चात्ताप? तो तिने शोधूनही पाहिला नाही.

मुलीला वाचन आता वेगळ्या बाई शिकवतात. ती अजून सावकाशच वाचते, पण वाचते. सर मुलीला नावाने हाक मारतात, आईसमोर मात्र मान वर करत नाहीत. शाळा सुटताना ते ज्या फाटकातून बाहेर पडतात, तिथेच आई रोज दहा मिनिटं आधी जाऊन उभी राहते.