शेजारच्या सावलीत अडकलेला सौर बंब

मी एक जुना सौर बंब आहे. मित्रांनो, माझा जन्म १९८३ सालचा. तेव्हा कोल्हापुरात घरोघरी सकाळी लाकडाचे बंब धुमसत. उद्यमनगरातल्या एका लहानशा कारखान्यात मला घडवले. तांब्याच्या नळ्या, काळा पत्रा, त्यावर जाड काच आणि डोक्याशी पाण्याची टाकी. ऊन खायचे आणि पाणी तापवायचे, एवढेच मला येते.

राजारामपुरीतल्या आकाराम मास्तरांनी मला आणले ते आपल्या आईसाठी. लाकडाच्या बंबाच्या धुराने आईंना, झुंबरबाईंना, धाप लागे. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून मला बोल्टांनी घट्ट आवळले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इस्तू न्हाय, धूर न्हाय, आन् पाणी तापतंय व्हय! खुळं हाय आमचं पोरगं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नळाखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. "आगं बाई, चटका बसला की!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग रोज गच्चीवर येऊन माझी काच पुसू लागल्या.

दोन वर्षे सुखात गेली. पुढे दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी, म्हणजे गुळाचे व्यापारी पिराजी यांनी, घरावर दोन मजले चढवले. हिवाळा आला, सूर्य खालून जाऊ लागला आणि मी दिवसभर सावलीत पडलो. वर, पिराजींच्या नव्या गच्चीच्या कठड्यावर, लख्ख ऊन असे. मी ते नुसते बघत राही. मला इंचभरही सरकता येत नव्हते.

"बिघडला वाटतं," मास्तर म्हणाले. "सुट्टीत बघू." काचेवर धूळ साचली. कबुतरे येऊन बसू लागली.

एके सकाळी मास्तर शाळेत गेले असताना झुंबरबाईंनी न्हाणीघरात जुना बंब पेटवला आणि आतून कडी लावली. खालून खोकला ऐकू येऊ लागला. मग तोही थांबला. मित्रांनो, मला हाक मारता आली असती तर!

धूर पिराजींच्या खिडकीत शिरला. ते धावत आले, लाथ घालून त्यांनी दार तोडले आणि म्हातारीला उचलून अंगणात आणले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"मावशी, आवो बंब कशाला पेटवलासा? गच्चीवर त्यो नवा हाय न्हवं?"

"त्येचं ऊन तुज्या भिंतीनं अडवलंय, बाबा," झुंबरबाई म्हणाल्या.

पिराजी जिना चढून वर आले आणि माझ्यासमोर कितीतरी वेळ उभे राहिले. संध्याकाळी ते मास्तरांना म्हणाले, "ह्येला माझ्या गच्चीवर न्या. वरच्या टाकीतनं पाणी मी देतो. नळी तेवढी तुमच्या न्हाणीत सोडा. मावशींना सांगा, पाणी त्यांचंच हाय."

तेव्हापासून मी शेजारच्या घरावर राहतो आणि मास्तरांच्या घराचे पाणी तापवतो. काच आता पिराजी पुसतात.

मित्रांनो, घर जरूर उंच बांधा. पण त्याआधी एकदा शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन बघा, तिथे उन्हात कोण बसले आहे.