दोघींनी घातलेली वेणी

वसंतातल्या फॅशन शोला मॉडेलांच्या वेण्या घालायचं काम सासूबाईंकडे कितीतरी वर्षं होतं. डिझायनर बदलायच्या, मॉडेल बदलायच्या. पडद्यामागच्या आरशांच्या खोलीत दातांत पिना धरून उभ्या असलेल्या सासूबाई मात्र ठरलेल्या. त्यांची सून तिथेच मेकअप करायची. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य नव्हतं, तसं गूळपीठही नव्हतं. एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही, एवढं दोघी पाळायच्या.

यंदाचे कपडे फार देखणे होते. कोवळ्या पानासारखे हिरवे, फिकट पिवळे, चालताना झुळझुळणारे रेशमी झगे, आणि सगळं भरतकाम पाठीवर. त्यामुळे केस पाठीवर येऊन चालणार नव्हतं. डिझायनर मॅडमनी सगळ्यांना सागरवेणी सांगितली होती, तिची मानेवर गुंडाळी, आणि वेणीत झग्याच्याच कापडाची पट्टी गुंफलेली. शेवटच्या, सगळ्यात भारी झग्यासाठी चौपेडी वेणी, डोक्याभोवती मुकुटासारखी फिरवलेली.

सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय हे सुनेच्या कधीच लक्षात आलं होतं. त्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या. कुलूप उघडायला मुलाला हाक मारायच्या. विचारलं तर उशी बदलल्यामुळे मान अवघडली म्हणायच्या. सुनेने पुढे विचारलं नाही. न खुपसलेल्या नाकाची तिला सवय झाली होती.

शोच्या दिवशी सागरवेण्या कशाबशा पार पडल्या. शेवटची मॉडेल खुर्चीत बसली. सून तिच्या ओठांना रंग लावत होती, तेव्हा तिला आरशात दिसलं, की सासूबाईंच्या उजव्या हातातून केसांचा एक पेड निसटला. त्यांनी तो उचलला, पुन्हा निसटला. मग त्या उगाचच पिना शोधायला लागल्या. पिना समोरच होत्या.

सुनेने ब्रश खाली ठेवला आणि ती सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आई, कुठला पेड धरू?"

"तुला येत नाही."

"येत नाही. म्हणूनच विचारतेय."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग उजवीकडचे दोन पेड तिच्या हातात दिले. त्यांचा डावा हात, सुनेचा उजवा. एकीने खालून न्यायचा, दुसरीने वरून घ्यायचा. सून घाबरून ओढायची, तशी मॉडेलची मान मागे जायची.

"दोरखंड नाही वळायचाय," सासूबाई पुटपुटल्या. मॉडेलला हसू आलं, आणि हलल्यामुळे आणखी एक पेड सुटला. पुन्हा पहिल्यापासून.

मॅडम आल्या तेव्हा वेणी पूर्ण झाली होती, पण एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. कोणी घातली, असं त्यांनी विचारलं. सून वेणीच्या कामात नवखी होती. तिच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं. सासूबाईंनी उजवा हात ॲप्रनच्या खिशातून बाहेर काढला.

"माझा हा हात चालत नाही, मॅडम. आम्ही दोघींनी घातलीय."

पुन्हा घालायला वेळ नव्हता. मॅडमनी उरलेल्या रेशमाची एक घडी बारीक बाजूवर टाचली आणि मॉडेलला पुढे पाठवलं. बाहेर टाळ्या झाल्या, त्या झग्यासाठी. वेणीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

सामान आवरताना मॅडम सासूबाईंजवळ येऊन बसल्या. रागावल्या होत्या, पण आवाज खाली होता. "आधी सांगायचंत ना, मावशी. मी वेण्या बदलल्या असत्या. तुम्हाला नसतं बदललं."

आपल्याला बदलतील, हीच भीती सासूबाईंनी हिवाळाभर एकटीने सांभाळली होती.

डॉक्टरांनी मनगटात नस दबल्याचं सांगितलं. छोटं ऑपरेशन झालं, पट्टी आली, सक्तीची विश्रांती आली. हात बराचसा सुधारेल, पण बारीक कामाचं आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा सुनेने आपणहून वेण्या शिकायच्या ठरवल्या. अडचण एवढीच, की सराव कोणावर करायचा? तिचे स्वतःचे केस कानापर्यंतच. नवऱ्याने मोठ्या मनाने आपलं डोकं पुढे केलं, पण त्यावर कंगव्यालाही काम नव्हतं.

शेवटी सासूबाईच खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी अंबाडा सोडला. केस पिकलेले, विरळ, पण अजून लांब होते. सुरुवातीला त्या पाठमोऱ्याच सूचना देत राहिल्या: बटा सारख्या घे, बोटं सैल ठेव, घाई कशाची आहे. हळूहळू सूचना कमी झाल्या. जन्मभर दुसऱ्यांची डोकी सजवलेल्या या बाईच्या केसांना, लहानपणी त्यांची आई गेल्यापासून, दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

सासूबाईंची मान हळूच मागे कलली, तसा सुनेचा हात थांबला.

"दुखतंय का, आई?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "सोड ही, आणि परत घाल."