आईची कोरी वडी

मावशी अनाथ मुलांचं घर चालवायची. पोरं इतकी, की मोजायला घ्यावीत तर निम्मी पळून जायची आणि उरलेली 'मला दोनदा मोजलं' म्हणून भांडायची. मावशीचा आवाज असा खणखणीत, की तिने 'जेवायला चला' म्हटलं की दोन गल्ल्या पलीकडची माणसंही हात धुवून बसायची. पातेल्याचं तर विचारूच नका. स्वयंपाकीण आक्का एकदा पळी शोधायला त्यात उतरली, ती संध्याकाळी वर आली. खोटं वाटत असेल तर आक्काला विचारा.

या घरात एक नियम मात्र कडक होता. मावशीला कुणी आई म्हणायचं नाही. 'आई' हा शब्द साबणाच्या वडीसारखा असतो, असं तिने पोरांना सांगून ठेवलं होतं. प्रत्येकाला एकच वडी, कागदात गुंडाळलेली. ती इथेच झिजवलीत, तर उद्या जी न्यायला येईल तिला काय देणार, फेस? पोरांना ते पटलं होतं. चुकून कुणाच्या तोंडून निघालंच, तर बाकीची लगेच 'झिजली, झिजली' करून नाचायची.

टिटवीने हे फारच मनावर घेतलं होतं. टिटवी म्हणजे दिवसभर टिवटिवणारी आणि रात्री मावशीचं बोट मुठीत धरून झोपणारी एवढीशी पोर. तापाने फणफणली तेव्हासुद्धा ती 'मावशी'च म्हणत राहिली. मावशीने तिला शाबासकी दिली आणि मोरीत जाऊन स्वच्छ बादल्या उगाच घासत बसली.

आज टिटवीला तिचे नवे आईबाप न्यायला आले होते. नवी आई भित्री, हसून हसून गाल दुखलेली. टिटवी तिला अजून 'अहो बाई' म्हणायची. मघाशीच त्या बाईने मावशीला बाजूला घेऊन विचारलं होतं, ही मला कधी आई म्हणून हाक मारेल का हो? मारेल की, मावशी म्हणाली होती. आणि मग टिटवीची वेणी सोडून पुन्हा घालायला बसली होती. सकाळपासून तिसऱ्यांदा.

गाडीत चढता चढता टिटवी थांबली.

"मावशी, आता कागद काढू का गं वडीचा?"

नव्या आईला काही कळेना. मावशीने तोंड उघडलं, पण दोन गल्ल्या जेवायला बसवणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे. तिने नुसती मान डोलावली.

टिटवी वळली. "आई, खिडकीपाशी मी बसणार."

बाईला रडूच फुटलं. गाडी निघाली. टिटवीने मागे पाहिलं नाही. खिडकी मिळाली होती ना.

"रड आता, मी नाही कुणाला सांगत," आक्का म्हणाली.

मावशी म्हणाली, वेळ कुणाला आहे, पोरांचे हात धुवायचेत.

हात धुऊन सगळी जेवायला पळाली. शेवटी राहिला परवाच आलेला बारका. नियम त्याला कुणी सांगितला नव्हता.

"आई, डोळ्यात गेला साबण."

'झिजली' म्हणायला आसपास कुणी नव्हतं. मावशीने त्याचा डोळा धुतला. पुसला. पुन्हा धुतला.

"मावशी म्हणायचं," ती म्हणाली. पण जरा सावकाशीनेच म्हणाली.