ज्याला मिळणार त्याचीच सही

वकीलबाईंनी आजोबांच्या मृत्युपत्राचं शेवटचं पान पाहिलं आणि विचारलं, ही साक्षीदार म्हणून सही कोणाची?

आत्याची, मी म्हणालो.

घर आणि बाग कोणाला दिलीय?

आत्यालाच.

त्यांनी चष्मा काढला. मग मला जे समजावलं ते असं, की आम्हाला लागू असलेल्या कायद्याने, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. म्हणजे गावाबाहेरचं ते घर आणि मागची बाग एकट्या आत्याची नाही. आत्या, काका आणि माझे वडील हयात नाहीत म्हणून त्यांच्या जागी मी, अशा तिघांची. आणि काकाला ते विकायचंय. आत्या तिथेच राहते, झाडं तिनेच लावलीत, दुसरं घर तिला नाही.

आता आमच्या लोकांची अक्कल ऐका. आमच्यात पद्धतच आहे, ज्याला मिळणार त्यानेच खाली सही करायची. का, तर उद्या "मला कोणी सांगितलंच नाही" म्हणून गळा काढायला नको. बाहेरचा माणूस शक्यतो नकोच. त्या दिवशी दुसरी सही काकाची व्हायची होती, कारण शेत त्याला दिलेलं. काका नेहमीसारखा उशिरा उगवला. आजोबा वैतागले, शेजारच्या सुताराला हाक मारून त्याची सही घेतली. म्हणून काकाचं शेत पक्कं, आणि वेळेवर आलेल्या आत्याचं घर गेलं.

डोकं कुठे आपटायचं सांगा.

बरं, हे काकाला सांगितलं कोणी? आत्यानेच. फोन करून. लपवायचं कशाला, भाऊ आहे माझा, म्हणे. भावाने दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक आणलं.

वकीलबाई म्हणाल्या, निदान आजोबांकडे हे सगळं कसं आलं त्या कागदाची नक्कल तरी काढ. काढली. अभिलेख कार्यालयात आधी चुकीच्या खिडकीवर उभा राहिलो, मग बरोबर खिडकीवर गेलो तर तिथला माणूस जेवायला गेलेला. शेवटी पणजोबांचं मृत्युपत्र हातात आलं. घर, बाग, शेत, सगळं आजोबांना. खाली साक्षीदार कोण? आजोबा.

अर्थात. दुसरं कोण असणार?

मी तडक काकाकडे गेलो.

"काका, तू कोर्टात जा. पण मग त्याच नियमाने आजोबांनाही पणजोबांच्या मृत्युपत्रातून काही मिळालं नव्हतं असं होतं. त्यांच्या भावांची सगळी पिलावळ येईल वाटा मागायला."

"घरात?"

"शेतात पण. एकाच कागदावर आहे."

"शेत पण?"

"शेत पण."

 काका म्हणाला, एवढ्या जुन्या गोष्टी उकरायच्या कशाला, तिला राहू दे की. जसं काही मीच तिला बाहेर काढत होतो.

वकीलबाईंनी हक्कसोडपत्र केलं. काकाने सही केली, मी केली, रीतसर नोंदणीही झाली. घर आत्याचं. आम्ही दोघं तिला कागद द्यायला गेलो. तिने तो नीट वाचला, डोळे पुसले आणि मला विचारलं, हा तयार कसा झाला रे?

इथे गप्प बसायचं होतं. मी सगळं सांगितलं.

आत्याचा चेहराच बदलला. "म्हणजे माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिला, असं तू लोकांना सांगत फिरतोयस?"

"मीही याला तेच म्हणत होतो," काका म्हणाला.

हा माणूस तसं एकदाही म्हणाला नव्हता. पण आत्याने त्याच्यासाठी खुर्ची ओढली, चहा टाकला आणि दोघं आजोबा किती सरळ होते यावर सुरू झाले. आजकालच्या पोरांना काही धरबंद नाही, हेही मध्ये आलं. चहा झाल्यावर ती त्याला शिडी धरायला बागेत घेऊन गेली. दारातून वळून मला म्हणाली, तू नीघ आता, तुला कामं असतील.