खुंटाताईचं वजन

शनिवारी सकाळी साडेसात वाजता खुंटाताई काट्यावर चढली आणि काटा एक्क्याण्णव किलोवर थांबला.

पंचांनी तिला उतरायला सांगितलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढायला सांगितलं. आकडा तोच आला.

"बाई, मागच्या वर्षी तुम्ही एकशे चार होता," पंच म्हणाले. दरवर्षी वजन घेणारे तेच होते.

"तेव्हा तुमचा काटा खोटा होता," खुंटाताई म्हणाली.

रांगेतल्या बायका हसल्या. पंचांनीही हसत तिच्या मनगटावर शिक्का मारला. शिक्का म्हणजे वजन झालं, आता दोर धरायला हरकत नाही.

इस्पितळांच्या, कारखान्यांच्या आणि डेपोंच्या कामगारांची ही रस्सीखेच दरवर्षी होते. बायकांच्या संघात आठ जणी असतात, आणि आठ जणींचं वजन मिळून ठरलेल्या आकड्याच्या आत बसावं लागतं. इस्पितळाच्या लॉन्ड्रीचा संघ त्या आकड्याला नेहमी चिकटलेला असायचा. कारण एकच: दोराच्या टोकाला उभी राहणारी शेवटची गडी. बाकीच्या सात जणी ओढतात, पण शेवटचीने जागा सोडली की संघ गेला. म्हणून तिला खुंटा म्हणतात. लॉन्ड्रीत ते नाव तिला इतकं चिकटलं होतं, की हजेरीला खरं नाव पुकारलं तर शेजारणीला तिला कोपराने ढोसावं लागे.

लहानपणी घरात ती 'पिंप' होती. लग्न ठरताना सासूने भिंतीकडे बघत विचारलं होतं, "खाटा मजबूत आहेत ना आपल्या?" लॉन्ड्रीत आली तेव्हा पहिल्याच दिवशी मोठ्या ड्रममध्ये ओल्या चादरींचा पीळ बसला होता. तिघींनी ओढून तो हलेना. तिने पिळाचं टोक मुठीत धरलं, पाय रोवले आणि नुसती मागे झुकली. पीळ सरसरत बाहेर आला. त्या दिवसापासून तिच्या वजनाला तिथे कुणी जाडी म्हटलं नाही. ती त्याला 'माझं भांडवल' म्हणायची.

आज ते भांडवल तेरा किलोंनी घटलं होतं, आणि सगळ्यांना आनंद झाला होता.

बॉयलरवाले काका संघाचे प्रशिक्षक होते. त्यांनी बोटांवर बेरीज केली आणि टाळी वाजवली. "बसते! इस्त्रीवाली बसते!"

रोलरवर चादरी सरळ करणारी इस्त्रीवाली अंगापिंडाने भक्कम होती, पण तिला घेतलं की बेरीज पुढे जायची. दरवर्षी तिच्याऐवजी सुईवालीला घ्यावं लागे. सुईवाली फाटक्या चादरी शिवायची आणि स्वतः सुईसारखीच होती. तिला आज राखीव म्हणून बाकावर बसायला सांगण्यात आलं. ती बसली आणि बुटाची नाडी उगाच सोडून बांधू लागली.

"ताई, काय जादू केलीस गं?" इस्त्रीवालीने खुंटाताईच्या कमरेला मिठी मारली. "माझे हात आता पुढे जुळतात! आम्हालाही सांग की."

"रात्रीचं जेवण बंद केलं," खुंटाताई म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच. तोंडाला कुलूप लावायचं आणि किल्ली नवऱ्याकडे द्यायची."

"माझा नवरा किल्ली विकून खाईल," इस्त्रीवाली म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

हसली नाही ती फक्त खुंटाताईची धाकटी जाऊ. ती दोरावर खुंटाताईच्या पुढची जागा धरायची आणि घरी तिच्याच चुलीवर स्वयंपाक करायची. किल्ली द्यायला खुंटाताईला नवरा उरलेला नव्हता आणि रात्रीचं जेवणही बंद नव्हतं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कपडे बदलायच्या खोलीत तिने दार लावून घेतलं.

"ताई, रात्री मी तुम्हाला वाढते. तुम्ही बसता, चार घास खाता आणि उरलेलं माझ्या धाकट्याच्या ताटात सरकवता. मला आंधळी समजता का?"

"भूक नसते."

"कधीपासून?"

"पुरे. पट्टा घट्ट कर माझा."

जावेने कमरेचा पट्टा ओढला. पूर्वी तो शेवटच्या भोकात बसायचा. आता त्याला टोचणीने नवीन भोक पाडलेलं होतं.

"गुरुवारी डॉक्टरांकडे गेला होता. काय म्हणाल्या?"

"मॅच झाली की सांगते."

डॉक्टर म्हणाल्या होत्या ते असं.

इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टर बाई शांत आणि चिवट स्वभावाच्या होत्या. खुंटाताईशी त्यांचं भांडण जुनं होतं. दरवर्षी त्या म्हणायच्या, वजन उतरवा. दरवर्षी खुंटाताई म्हणायची, हो. एकदा डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढली होती, दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खाली आलेली.

"ही तुमची कपडे वाळत घालायची दोरी समजा. झोळ पडलाय तिला. या टोकाला फार बारीक माणसं, त्या टोकाला फार जाड. दोरी जितकी उंच, तितका लवकर मरायचा धोका. मधल्या झोळात माणसं जास्त जगतात. तुम्ही त्या टोकाला आहात."

"माझा नवरा झोळातच होता, डॉक्टर. छान बेताचा. पन्नाशीही गाठली नाही."

"सिगारेट ओढायचे ना?"

"भरपूर."

"सिगारेट माणसाला बारीकही ठेवते आणि नेतेही. म्हणून नुसता काटा बघून चालत नाही. आणि ही दोरी हजारो माणसांची आहे. तुम्ही एकट्या कधी जाणार, ते तिच्यावर लिहिलेलं नाही."

"मग मी कशाला उतरू?"

"हजारो माणसांत तुम्हीही येता म्हणून."

या गुरुवारी खुंटाताई मान ताठ करून आत गेली होती. काट्यावर उभी राहून म्हणाली, "घ्या. आले तुमच्या झोळाकडे."

डॉक्टरांनी आकडा बघितला. त्या खूश झाल्या नाहीत.

"काय केलंत यासाठी?"

"काही नाही."

"चालणं वाढवलं? खाणं कमी केलं, ठरवून?"

"ठरवून नाही. जात नाही पोटात. थोडं खाल्लं की भरतं."

डॉक्टरांनी तिला झोपवून पोट दाबून पाहिलं, खालची पापणी ओढून पाहिली, रक्त घेतलं. दुपारी परत बोलावलं. रक्त बरंच कमी होतं.

"माणूस स्वतःच्या पायांनी खाली आला तर मी टाळ्या वाजवते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुम्हाला काहीतरी ओढतंय. आणि ओढत नेत असेल, तर ते झोळाकडे नेतंय म्हणून आनंद मानायचा नसतो. सोमवारी नळी घालून पोट बघायचं. तोवर दोर धरायचा नाही."

"मला आजवर कुणी ओढलेलं नाही, डॉक्टर. मी ओढते."

"सोमवारी या," डॉक्टर म्हणाल्या.

सुरुवातीच्या सोप्या फेऱ्या निभावल्यावर अंतिम सामना सकाळी दहाला सुरू झाला. समोर बस डेपोचा संघ होता, तिकीट फाडणाऱ्या आणि गाड्या धुणाऱ्या बायकांचा. गेली काही वर्षं ढाल आलटून पालटून या दोन संघांकडेच जात होती. डेपोची शेवटची गडी एक जुनी कंडक्टर होती, खुंटाताईच्याच वयाची आणि जवळजवळ तिच्याच मापाची. दोघी दरवर्षी दोराच्या दोन टोकांवरून एकमेकींना बघायच्या. एरवी त्यांची ओळख नव्हती.

"दोर उचला!" पंच ओरडले. "ताण घ्या! स्थिर!"

दोर काठीसारखा ताठ झाला.

"ओढा!"

डेपोच्या बायकांनी पहिला हिसका दिला. लॉन्ड्रीने तो झेलला. काका बाजूने वाकून चालत होते, "बसा, बसा, बसून राहा." ही लॉन्ड्रीची जुनी रीत होती. सुरुवातीला ओढायचंच नाही. खुंट्यावर भार टाकून नुसतं टांगून राहायचं आणि समोरच्यांना दमवायचं. ते हात बदलायला लागले की मग उठायचं. ही रीत खुंटाताईभोवतीच बसवलेली होती.

डेपोने दुसरा हिसका दिला. मग तिसरा.

तिसऱ्याला खुंटाताईच्या टाचा सरकल्या.

पुढे असलेल्या जावेला ते आधी दोरातून कळलं. मागून आधार असायचा तिथे क्षणभर काहीच नव्हतं. मग सगळा संघ एकदम पुढे खेचला गेला आणि पंचांची शिटी वाजली. तीन ओढींपैकी पहिली डेपोची.

खुंटाताई जमिनीवर बसली होती. तिच्या टाचांनी मातीत दोन लांब चर काढले होते. ते चर सगळ्या जणी बघत होत्या. इतक्या वर्षांत तसे कुणी पाहिले नव्हते.

"माती ओली आहे," काका घाईने म्हणाले. "पाय घसरला. होतं असं."

"माती कोरडी ठणठणीत आहे, काका." तिला धाप लागली होती. ओठ पांढरे पडले होते. ती दम लागेल तसं थांबत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "मी जेवण बंद केलेलं नाही. सकाळी खोटं बोलले. वजन आपोआप गेलंय. सोमवारी तपासणी आहे. डॉक्टरांनी दोर धरू नको म्हणून सांगितलं होतं."

इस्त्रीवालीने तोंडावर हात धरला. "आणि मी मिठ्या मारतेय!"

"मार की. मिठीने काय झिजत नाही मी."

"ताई, सोडून देऊ आपण. ढाल गेली खड्ड्यात," कुणीतरी म्हणालं.

"ढाल का खड्ड्यात? एक बदली चालते ना?" खुंटाताईने बाकाकडे हात केला. "सुईवाले, ये. धाकटीच्या जागी उभी राहा. आणि धाकटी मागे येईल."

"मी?" जाऊ म्हणाली. "ताई, मी बहात्तर किलोची."

"मग बहात्तरच्या बहात्तर वापर. बायका निम्मंच वापरतात."

तिने स्वतः उठून जावेला दोर घातला. काखेखालून मागे, पाठीवरून तिरका वर, दुसऱ्या खांद्यावरून पुढे. खांद्यावर तो जाडसर बनियनवर नीट बसवला. दोराची घडी चुकली नाही.

"समोर बघायचं नाही. वर बघ. हिसका आला की उत्तर द्यायला जाऊ नकोस. तो अंगावर घे आणि मागे बस."

"आणि तुम्ही कुठे असाल?"

"मी कुठे जातेय? इथेच."

ती मैदानाच्या कडेला, काकांच्या शेजारी उभी राहिली. कुणीतरी खुर्ची आणली, ती तिने सुईवालीचा स्वेटर ठेवायला वापरली.

दुसरी ओढ लॉन्ड्रीने जिंकली. डेपोने पाच-सहा हिसके दिले. जाऊ आकाशाकडे डोळे लावून, दात विचकून मागे पडून राहिली आणि जागची हलली नाही. सुईवाली तर दोराला घोरपडीसारखी चिकटली होती. शेवटी डेपोच्या बायकांचे हात सुटले.

तिसरी ओढ फार वेळ चालली. लोक आरोळ्या मारायचे थांबून गप्प झाले होते. खुंटाताईच्या मुठी वळलेल्या होत्या आणि ती आपल्याही नकळत मागे झुकून उभी होती. ती ओढ आणि ढाल डेपोने नेली, अगदी थोडक्यात.

जाऊ रडत आली. "ताई, सरकले मी."

"सरकलीस. पण कधी सरकलीस ते पाहिलंस? सगळ्यांच्या शेवटी." खुंटाताईने हाताने तिचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. मग संघाकडे वळून मोठ्याने म्हणाली, "कंबर सरळ करा गं! हरल्यासारख्या काय उभ्या आहात? माझ्याशिवाय एक ओढ काढलीत तुम्ही."

डेपोची कंडक्टर ढाल दुसरीच्या हातात देऊन त्यांच्याकडे आली. पहिल्यांदाच दोघी हाताच्या अंतरावर उभ्या होत्या.

"ऐकलं मी," कंडक्टर म्हणाली. "बऱ्या होऊन या. आजचं मी धरत नाही. तुम्ही नव्हता."

"धरा," खुंटाताई म्हणाली. "आमच्या पोरींनी तुम्हाला पार घामाघूम केलंय. ते फुकट का घालवता?"

कंडक्टर हसली. तिने हात पुढे केला. दोघींच्या तळव्यांना एकाच जागी घट्टे होते.

सोमवारी जाऊ तिला तपासणीला घेऊन गेली. झोपेचं औषध द्यायच्या आधी परिचारिकेने विचारलं, "वजन?"

"एकशे चार," खुंटाताई म्हणाली.

परिचारिकेने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नक्की? औषध वजनावर ठरतं."



"एकशे चार माझं वजन आहे," ती म्हणाली. "आज सकाळी भरलं ते नव्वद. तुम्ही नव्वद धरा."

तपासणी अर्ध्या तासात आटोपली. पोटाच्या आतल्या बाजूला एक जागा दिसली. तिचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. तुकडा वाईट निघाला तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि ती झेपायला अंगावर काहीतरी असलेलं बरं असतं, असं डॉक्टर जावेला म्हणाल्या. तोवर जे जाईल ते थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायला सांगितलं आहे.

"म्हणजे डॉक्टर, आता खा म्हणताय?" खुंटाताईने विचारलं.

"खा म्हणतेय."

"इतक्या वर्षांनी."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी."

गुरुवारी पाळी सुटेपर्यंत अहवाल आलेला नव्हता. लॉन्ड्रीत खुंटाताईला ड्रमजवळ जायला बंदी होती, म्हणून ती घडीच्या टेबलाशी बसून उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालत होती. दुपारी जाऊ डबा घेऊन समोर उभी राहिली. खुंटाताईने एक घास खाल्ला, मग आणखी एक. तिसरा तोंडात धरून ती बराच वेळ थांबली. जाऊ हलली नाही. मग खुंटाताईने तो गिळला आणि चौथ्यासाठी हात पुढे केला.