विहिरीतला आवाज

गिरीशने आपल्या तोंडापुढे धरलेला मोबाइल त्रिपुरसुंदरीबाईंनी काढून घेतला, हळदीच्या पितळी डब्यात टाकला आणि वर झाकण दाबून बसवले.

“बारशाच्या घरीं भुताचें गाणें? पोदुम्,” त्या म्हणाल्या. “पुरें झालें तें.”

“थोडंसंच, आत्या. आवाज मोबाइलमध्ये भरून घेतो.”

“कांही भरायचें नाही.”

तरुणपणी त्या मद्रासच्या स्टुडिओत कोरसमध्ये गायला गेल्या होत्या. एका भयपटात विहिरीतल्या बाईसाठी संगीतकाराला शब्दांवाचून गुणगुणणारा आवाज हवा होता, आणि सर्दीने बसलेला यांचाच गळा त्याला पसंत पडला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पडद्यावर नाव आले नाही, पण कुंभकोणमभर झाले. जवळच्या गोविंदपुरमच्या मठात भजनात त्यांनी आलाप घेतला की मागे कुणीतरी खुसखुसे. भाजीवाल्याच्या फोनची रिंगसुद्धा तीच गुणगुण. त्या सिनेमापासून त्यांनी कुणाला आपला आवाज भरून घेऊ दिला नव्हता.

“वाद्य एक नाही त्यात,” भाचा काही सोडेना. “नुसती रहाटाची करकर आणि तुमचा गळा. नंतरच्या सिनेमांतली सगळी भुतं तुमचीच चाल गुणगुणतात.”

“मग मीं काय ओवाळून घेऊं? सुम्मा बस, गप्प.”

आज त्यांना एकच गोष्ट हवी होती. नात मधुमिता परदेशातून पहिल्यांदाच लेकीला घेऊन आली होती. पहिला पाळणा घरातल्या थोरलीने म्हणायचा, आणि त्यांच्या आईकडून आलेला घरचा पाळणा आता त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हता.

आधी वरवंटा पाळण्याखालून फिरवून झाला, मग पोरीला आत निजवले. त्रिपुरसुंदरीबाईंनी सूर लावला. पोरीने भोकाड पसरले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर ती लालबुंद होऊन आणखी जोरात रडू लागली. शेजारणी एकमेकींकडे पाहू लागल्या.

“भुताचाच गळा माझा. पोर भिणार नाही तर काय,” म्हणत त्यांनी पाळण्याची दोरी सोडून दिली. त्यांना रडू येत होते आणि त्याचाही राग येत होता.

मधुमिता पाळण्यावर वाकली आणि हलकेच गुणगुणू लागली. तीच विहिरीतली चाल. पोर हुंदका देता देता थांबली आणि मूठ चोखू लागली.

“पोरीला हें कुणीं शिकवलें?” त्रिपुरसुंदरीबाईंनी विचारले.

“रोज ह्यावरच झोपते ती, आजी,” मधुमिता म्हणाली. “फोनवर तूं गात नाहीस, भरून घेऊं देत नाहीस. तिकडे तुझा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढा सिनेमाच होता.”

त्रिपुरसुंदरीबाईंनी पदराने नाक पुसले आणि दोरी पुन्हा हातात घेतली.

“गिरीश,” त्या मागे न बघता म्हणाल्या, “तो डबा उघड.”

तो मोबाइलवरची हळद पुसत होता, तोवर त्यांनी ती चाल धरली होती आणि तिच्यात पाळण्याचा पहिला शब्द घातला होता.